वाळू पाखडणारे मासे निवडताना...

दक्षिण अमेरिकी सिक्लिड माशांच्या टाकीत तळाची वाळू चाळणारा एखादा मासा असावा, असे अनेक हौशी मत्स्यपालकांना वाटते. परंतु 'वाळू साफ ठेवणारा' म्हणून आणलेला मासा पुष्कळदा काही आठवड्यांतच खंगतो किंवा टाकीतल्या दांडग्या माशांच्या माराला बळी पडतो. या माशांची निवड करताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याविषयी...

घरगुती मत्स्यालयांत एंजल, ऑस्कर, डिस्कस, सेव्हरम हे मासे आता चांगलेच रुळले आहेत. हे सारे सिक्लिड कुळातले आणि त्यांचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन, ओरिनोको यांसारख्या नद्यांच्या खोऱ्यांत. टाकी स्थिरावली, मासे अंगाने भरले, की मालकाचे लक्ष तळाकडे वळते. उरलेले खाद्य, माशांची विष्ठा आणि हिरवट थर पाहून तो दुकानात जातो आणि 'वाळू साफ करणारा मासा द्या' अशी मागणी करतो. दुकानदारही हाताशी असलेला मासा पिशवीत भरून देतो. चुकीची सुरुवात येथूनच होते.

वाळू चाळणारा कोणताही मासा टाकी स्वच्छ करण्यासाठी वाळू चाळत नाही. तो आपले अन्न शोधत असतो. तळाशी कुजणारी विष्ठा त्याच्या उपयोगाची नसते; उलट त्याच्या स्वतःच्या विष्ठेची त्यात भर पडते. तळ नेहमी हलता राहिल्यामुळे घाण वर उचलली जाऊन फिल्टरपर्यंत पोहोचते, एवढाच काय तो फायदा. सफाईचे काम फिल्टरचे, पाणी बदलण्याचे आणि मालकाच्या हातातल्या नळीचेच राहते. हे एकदा मनाशी पक्के झाले, की निवडीचा प्रश्न निराळ्या रीतीने मांडता येतो. 'हा मासा माझ्या टाकीसाठी काय करील' यापेक्षा 'माझी टाकी या माशाला मानवेल काय' हे आधी पाहावे लागते.

पाखडणे म्हणजे नेमके काय?

वाळू चाळणाऱ्या दक्षिण अमेरिकी सिक्लिडांपैकी सर्वांत प्रसिद्ध गट जिओफेगस हा होय. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ 'माती खाणारा' असा होतो. ऑस्ट्रियाचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये हे नाव दिले. योहान नाटेरर यांनी ब्राझीलमध्ये अनेक वर्षे हिंडून जमविलेले मासे त्यांच्या अभ्यासाला उपयोगी पडले होते. नाव माती खाणारा असले, तरी हा मासा माती गिळत नाही. गृहिणी सुपात धान्य घेऊन पाखडते, तसाच काहीसा हा प्रकार असतो.

मासा डोके खाली झुकवतो, जबडा पुढे काढतो आणि तोंडभर वाळू उचलतो. ही वाळू तोंडातल्या तोंडात घोळवली जाते. घशातील दुसरा जबडा आणि कल्ल्यांच्या पहिल्या कमानीवरचा मांसल भाग यांच्या साहाय्याने खाण्याजोगे कण वेगळे होतात. डासांसारख्या दिसणाऱ्या कीटकांच्या अळ्या, सूक्ष्म कवचधारी जीव, बियांचे तुकडे आणि कुजलेल्या पानांचे कण एवढे आत राहते. उरलेली वाळू तोंडातून आणि कल्ल्यांच्या फटींतून बाहेर पडते. दिवसभर हे काम चालू असते. निसर्गात एका घासात मिळणारे अन्न फारच थोडे असल्यामुळे असे शेकडो घास घ्यावे लागतात.

या वर्णनातून दोन गोष्टी उघड होतात. पहिली, वाळू कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांना घासून बाहेर पडते; म्हणजे वाळू कशी आहे यावर माशाचे आरोग्य अवलंबून असते. दुसरी, हा मासा सावकाश आणि सतत खाणारा आहे. एका झडपेत खाद्य फस्त करणाऱ्या माशांच्या संगतीत तो उपाशी राहू शकतो.

आधी वाळू, मग मासा

बहुतेक घरगुती टाक्यांच्या तळाशी रंगीत खडी असते. अशा टाकीत वाळू पाखडणारा मासा सोडणे म्हणजे त्याचा स्वभावधर्मच हिरावून घेणे होय. मोठे खडे त्याला तोंडात घोळवता येत नाहीत, लहान पण धारदार खडे तोंड व कल्ले जखमी करतात आणि खड्यांच्या फटींत अडकलेले खाद्य त्याला काढता येत नाही.

वाळू बारीक, गोलसर कणांची आणि साधारण एक मिलिमीटरपेक्षा लहान असावी. बांधकामासाठी दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूचे कण टोकदार असतात. ती वापरू नये. खाडीतील वाळूत क्षार असतात, तर प्रवाळाच्या किंवा शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे पाणी दुष्फेन व अल्कधर्मी होते. आणलेल्या वाळूवर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले, तर त्यात चुन्याचा अंश आहे असे समजावे. योग्य वाळू पाणी नितळ येईपर्यंत वारंवार धुवावी आणि तिचा तीन ते पाच सेंटिमीटरचा थर द्यावा. चार फूट लांब व दीड फूट रुंद टाकीत चार सेंटिमीटरच्या थराला सुमारे ३५ किलो वाळू लागते. थर फार जाड झाला, तर खालच्या भागात प्राणवायू पोहोचत नाही आणि तेथे दूषित वायू साठू शकतात.

मोठे दगड वाळूवर ठेवू नयेत. मासे खालची वाळू उपसतात आणि दगड घसरून मासा चिरडण्याचा किंवा काच तडकण्याचा धोका असतो. दगड आधी थेट तळाच्या काचेवर, शक्य तर खाली पातळ थर्माकोल घालून, पक्के बसवावेत व नंतर भोवती वाळू पसरावी. वाळूत रुजणाऱ्या वनस्पती टिकत नाहीत. लाकडाच्या ओंडक्यावर बांधता येणाऱ्या अॅन्युबियास किंवा जावा फर्न अधिक बऱ्या. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावावा, नाही तर उडालेली वाळू आतील पंखा झिजवते.

एक खंड, अनेक पाणी

'दक्षिण अमेरिकी' हा शब्द दुकानात सर्रास वापरला जातो; पण त्या खंडातील सारे पाणी एकसारखे नाही. इंग्लंडचे निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५३ मध्येच अॅमेझॉन खोऱ्यातील नद्यांची पांढऱ्या, काळ्या आणि नितळ पाण्याच्या अशी विभागणी केली होती. अँडीज पर्वतातून गाळ घेऊन येणारी मादेइरा पांढऱ्या पाण्याची. कुजलेल्या पानांच्या अर्कामुळे चहासारखी दिसणारी, अतिशय सुफेन व आम्लधर्मी रिओ नेग्रो काळ्या पाण्याची. तर पांढऱ्या वाळूचे किनारे लाभलेली तापाझोस नितळ पाण्याची.

तापमानाचेही तसेच आहे. अॅमेझॉनच्या मुख्य खोऱ्यातील मासे २६ ते २९ अंश सेल्सिअसला सुखावतात. मात्र उरुग्वे, दक्षिण ब्राझील आणि उत्तर अर्जेंटिना येथील जिम्नोजिओफेगस हा गट वाळू पाखडणाराच असला, तरी त्याला थंड हिवाळा लागतो. वर्षभर उबदार पाण्यात ठेवल्यास त्याची प्रकृती हळूहळू खालावते. मुंबई किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात हा मासा पाळणे म्हणजे त्याचा छळच.

आपल्याकडील पाण्याचा विचारही आवश्यक ठरतो. धरणातून येणारे नळाचे पाणी बहुधा सुफेन, तर कूपनलिकेचे बहुधा दुष्फेन असते. शहरातील अनेक संकुलांत दोन्ही पाणी मिसळून येते. साध्या चाचणी संचाने पीएच आणि कठीणपणा मोजल्याशिवाय मासा ठरवू नये. पीएच साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान व पाणी मध्यम असेल, तर या गटातील पुष्कळ जाती निभावून नेतात. कूपनलिकेच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीत मात्र काळ्या पाण्यातील नाजूक जातींचा मोह टाळलेला बरा.

कोणाबरोबर कोण?

निवडीचा खरा कस येथे लागतो. टाकीत आधीपासून कोणते सिक्लिड आहेत, त्यावर पाखडणारा मासा ठरवावा.

एंजल, अॅपिस्टोग्रामा, कीहोल यांसारख्या शांत आणि लहान-मध्यम माशांच्या टाकीत बोलिव्हियन रॅम हा उत्तम पर्याय होय. तो जेमतेम आठ सेंटिमीटर वाढतो, तळाशी वावरतो, वाळू चघळतो आणि २३ ते २७ अंश तापमानात खूष असतो. तीन फुटी टाकीतही त्याची जोडी किंवा लहानसा गट राहू शकतो. त्याचा निळसर, अधिक देखणा भाऊबंद म्हणजे व्हेनेझुएला व कोलंबियाच्या गवताळ मैदानांतला रॅमिरेझी. तो नाजूक असून त्याला २७ ते ३० अंशांची ऊब लागते; म्हणून डिस्कसच्या उबदार टाकीत तोच अधिक शोभतो. या दोन्ही टाक्यांत कोरीडोरास जातीच्या मांजरमाशांचा लहान थवा ठेवता येतो. हे मासेही वाळूत तोंड खुपसून कण टिपतात आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकतात. त्यांपैकी स्टरबाय ही जात उबदार पाण्याला सरावणारी आहे, तर पॅलिएटस जातीला थंडावा प्रिय आहे.

सेव्हरम, फेस्टिव्हम, निळा अकारा अशा मध्यम आकाराच्या, फारशा भांडखोर नसलेल्या माशांबरोबर खरे जिओफेगस शोभतात. तापाझोस नदीतला लाल डोक्याचा जिओफेगस, अल्टिफ्रॉन्स आणि त्यांचे जवळचे नातलग यांचा स्वभाव एकूण समजूतदार असतो. आपापसांत ते मानपान ठरविण्यासाठी जबडे उघडून दटावतात, पर पसरतात. पण प्रकरण सहसा रक्तपातापर्यंत जात नाही. यांच्या जोडीला मधल्या थरात फिरणारा टेट्रांचा किंवा सिल्व्हर डॉलरचा थवा असावा. वरचे मासे निर्धास्त फिरताना दिसले, की तळाचे मासेही भीती सोडून पाखडू लागतात.

याच वर्गात सॅटॅनोपर्का हा गट मोडतो. दुकानात 'जुरुपारी' म्हणून मिळणारे मासे बहुधा याच गटातले. जुरुपारी हे तेथील आदिवासींच्या कथांमधील एका शक्तीचे नाव. युरोपीयांनी तिला सैतान मानले आणि माशाच्या नावालाही तोच अर्थ चिकटला. प्रत्यक्षात हा मासा गरीब स्वभावाचा आहे. पांढऱ्या ठिपक्यांची ल्युकोस्टिक्टा ही जात त्यातल्या त्यात सोशीक आहे. काळ्या पाण्यातील डेमन ही जात मात्र अतिशय सुफेन, आम्लधर्मी व निर्मळ पाण्याशिवाय तग धरत नाही. नवशिक्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

ऑस्कर, ग्रीन टेरर यांसारखे दांडगे मासे असतील, तर उत्तर बहुधा नकारार्थीच असते. तीस सेंटिमीटरपर्यंत वाढणारा ऑस्कर तोंडात मावेल तो मासा गिळतो. बोलिव्हियन रॅम त्याचा घास ठरतो. कोरीडोराससारखा मासा गिळण्याचा प्रयत्न केला, तर त्याचे ताठ, टोकदार काटे घशात रुततात आणि पुष्कळदा दोघेही मरतात. आग्नेय ब्राझीलमधील ब्रासिलिएन्सिस, म्हणजे पर्ल सिक्लिड, हा पाखडणारा मासा स्वतःच पुरेसा आक्रमक असल्याने सहा फुटी टाकीत अशा संगतीत टिकू शकतो. पण तोच मासा शांत टाकीत सोडल्यास तेथे दहशत माजवतो. फ्लॉवरहॉर्न हा माणसाने घडविलेला संकर तर एकटाच ठेवण्याजोगा आहे.

डिस्कस आणि मोठे जिओफेगस ही जोडी अनेकांना खुणावते. तापमान जुळते, पण डिस्कस हळू खाणारा व बुजरा आहे. सतत वाळू उडवणारे, खाद्यावर धाव घेणारे दांडगे शेजारी त्याला मानवत नाहीत. मोठी टाकी व पुरेसा अनुभव असल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

नावावर भुलू नये

दुकानातील पाट्यांवर विसंबून राहणे धोक्याचे असते. सुरिनामेन्सिस या नावाने वर्षानुवर्षे विकले गेलेले बहुतेक मासे त्या जातीचे नसतातच. ही खरी जात सुरीनाम परिसरातील नद्यांची असून व्यापारात ती क्वचितच येते. लाल डोक्याचा तापाझोस मासा हौशी लोकांत कित्येक वर्षे लोकप्रिय होता. त्याला पायरोसेफॅलस हे शास्त्रीय नाव मिळाले ते मात्र २०२२ मध्ये. पिल्ले असताना अनेक जाती सारख्याच करड्या दिसतात. म्हणून मासा कोणत्या नदीतला, मोठेपणी किती वाढणार आणि तो कोणत्या पाण्यात वाढवला गेला, हे विचारून घ्यावे.

'सँड सिफ्टर' या एकाच नावाखाली जगभरचे मासे विकले जातात, हाही एक घोटाळा. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातले झेनोटिलापिया वाळू सुरेख चाळतात. पण त्या सरोवराचे पाणी कठीण आणि सुमारे नऊ पीएचचे असते. गोबी माशांच्या काही जाती वाळू चाळण्यात पटाईत असल्या, तरी त्या समुद्राच्या खाऱ्या पाण्यातल्या. सवय सारखी असली, म्हणून घर सारखे होत नाही.

संख्या आणि जागा

जिओफेगस व सॅटॅनोपर्का हे समूहाने राहणारे मासे आहेत. एकटा मासा कोपरा धरून बसतो. दोन-तीनच असले, तर बलवान मासा दुबळ्याच्या मागे लागतो आणि त्याला खाऊ देत नाही. पाच ते आठ माशांच्या गटात हा त्रास विभागला जातो. मात्र हे मासे २० सेंटिमीटर किंवा त्याहूनही मोठे होतात, हे पिल्ले घेतानाच ध्यानात ठेवावे. चार फूट बाय दीड फूट बाय दीड फूट, म्हणजे सुमारे २५० लिटरची टाकी ही त्यांच्या वाढत्या वयापुरती ठीक. पूर्ण वाढलेल्या गटाला सहा फुटांची टाकी द्यावी लागते. सदनिकेत एवढी जागा नसेल, तर बोलिव्हियन रॅमवर समाधान मानण्यात कमीपणा नाही. या माशांसाठी टाकीच्या उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे असते.

विणीच्या काळात समीकरणे बदलतात. यातील कित्येक जाती अंडी किंवा पिल्ले तोंडात सांभाळतात. अशा वेळी शांत जोडपेही तळाचा मोठा भाग अडवून बसते. कोरीडोरासना सिक्लिडांची ही हद्द कळत नाही; ते पुन्हा पुन्हा तेथेच जातात आणि मार खातात, किंवा रात्री अंडी फस्त करतात. टाकीत लाकडाचे आडोसे करून नजरेची सरळ रेषा तोडावी आणि गरज पडल्यास जोडपे वेगळे करण्याची सोय ठेवावी.

आहार आणि पाणी

वाळूत नैसर्गिक अन्न नसल्यामुळे खाद्य बाहेरूनच द्यावे लागते. तळाशी बुडणारे बारीक दाणे, गोठवलेले आर्टेमिया व डाफ्निया आणि वनस्पतिजन्य घटक असलेले खाद्य दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे द्यावे. वर तरंगणारे खाद्य इतर मासेच पळवतात. गोमांस किंवा इतर प्राण्यांच्या हृदयाचे चरबीयुक्त खाद्य या माशांना पचत नाही. आपल्याकडे मिळणारे जिवंत ट्युबिफेक्स किडे घाण पाण्यात वाढत असल्याने रोग घेऊन येतात, ते टाळावेत.

साचलेल्या नायट्रेटचा या गटाला लवकर त्रास होतो. डोक्यावर खळगे पडणे, पर झडणे ही त्याची लक्षणे अस्वच्छ पाण्यात अधिक आढळतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असावेत, तर नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करावा. त्यासाठी दर आठवड्याला ३० ते ५० टक्के पाणी क्लोरिन काढून बदलणे हा एकच खात्रीचा उपाय आहे. नवी टाकी असल्यास जिवाणूंची वाढ होण्यासाठी चार ते सहा आठवडे थांबावे. उन्हाळ्यात पाणी तापले, की त्यातील प्राणवायू घटतो. अशा दिवसांत हवेचा पंप चालू ठेवावा. वीज जाण्याचे प्रमाण जिथे अधिक, तिथे बॅटरीवर चालणारा पंप हाताशी असणे इष्ट.

खरेदी करताना

खपाटीला गेलेले पोट, डोक्यावरील बारीक छिद्रे, मिटलेले पर आणि जलद श्वास ही लक्षणे दिसली, तर मासा कितीही सुंदर असो, तो घेऊ नये. दुकानदाराला खाद्य टाकण्यास सांगावे. निरोगी मासा तत्काळ तळाकडे वळतो. आणलेले मासे तीन ते चार आठवडे स्वतंत्र टाकीत ठेवावेत. तेथेही तळाला वाळूचा पातळ थर द्यावा, म्हणजे तो पाखडतो की नाही हे पाहता येते.

निवड चुकली, तर मासा जवळच्या तलावात किंवा नदीत सोडण्याचा सोपा मार्ग कोणी पत्करू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेला, दुकानात 'सकर' म्हणून विकला जाणारा मांजरमासा देशातील अनेक जलाशयांत अशाच रीतीने पसरला असून स्थानिक मासे आणि मच्छीमारांची जाळी या दोहोंना त्याचा उपद्रव होतो. नको असलेला मासा दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या मत्स्यपालकाच्या स्वाधीन करावा.

टाकी, वाळू, पाणी आणि शेजारी हे चारही जुळले, तर हा मासा दहा वर्षांपर्यंत सोबत करू शकतो. एकही गोष्ट जुळत नसेल, तर वाळू स्वच्छ ठेवण्यासाठी रबरी नळी व बादली पुरेशी आहे. ती स्वस्त पडते आणि त्यात कोणाचा जीवही जात नाही.